बाईंचा मणी

मळणवाडीच्या प्राथमिक शाळेचं बातमीपत्र दर शनिवारी दुपारी एकच्या आत गावाच्या ग्रुपवर पडतं. नाही पडलं तर पुण्या-मुंबईला गेलेल्या मळणवाडीकरांचे फोन यायला लागतात. एकदा दोन दिवस वीज नव्हती म्हणून ते सोमवारी निघालं, तर ठाण्याहून एका आजोबांनी मुख्याध्यापक मुल्ला सरांना काळजीनं विचारलं होतं, “सर, शाळा बंद पडली का काय?”

बातमीपत्रात असतं काय, तर तिसरी-चौथीच्या एकवीस मुलांच्या घरच्या एकवीस बातम्या. कुणाच्या म्हशीला रेडकू झालेलं असतं, कुणाच्या आजीचा नवा चष्मा पहिल्याच दिवशी हरवून तो फ्रिजमध्ये सापडलेला असतो, कुणाच्या पप्पांनी द्राक्षबागेवर फवारणी करणारा ड्रोन बाभळीत नेऊन घातलेला असतो. शनिवारच्या परिपाठात, म्हणजे प्रार्थना झाली की, मुलं उभं राहून या बातम्या वाचतात. आईबाप, आज्या, बेदाणा शेडवर निघालेली माणसं फाटकाशी थांबून ऐकतात. मग त्यांच्या वर्गशिक्षिका सारिकाबाई त्या तपासून, टाइप करून ग्रुपवर टाकतात. अकरा वर्षं हे चाललंय. वर्गाच्या भिंतीवर बाईंनी स्वतःच्या अक्षरात नियम लिहिलेत: बातमी खरी असावी. आपल्याच घरची असावी. सांगावीशी वाटली तरच सांगावी.

जूनमधल्या एका शनिवारची चौथीतल्या कार्तिकीची बातमी अशी होती: ‘आमच्या शाळेत पट्ट्या आल्या. त्या मनगटाला बांधायच्या. पुण्याच्या ताईंनी सांगितलं ही तालपट्टी आहे. शालनमावशी म्हणाल्या राखी आहे का. ताई म्हणाल्या नाही. मावशी म्हणाल्या मग ओवाळणी पण नाही का.’

ही बातमी खरं तर घरची नव्हती. पण कार्तिकीला ‘ही चालणार नाही’ असं सांगायचं म्हणजे पुढचा अर्धा तास कंपासपेट्या कुठल्या दिशेनं उडतात ते बघत बसायचं, म्हणून बाईंनी ती चालवून घेतली.

पुण्याच्या ताई म्हणजे मृण्मयी. एका संशोधन संस्थेची तरुण मुलगी, पाठीवर बॅग, पायात चिखलानं माखलेले बूट. तिनं पहिल्याच दिवशी व्हरांड्यात पालकांना बसवून सगळं समजावून सांगितलं होतं.

“आपलं काळीज घड्याळासारखं एकसारखं टिकटिक करत नाही,” ती म्हणाली. “श्वास आत घेतला की ठोके थोडे जलद होतात, सोडला की मंद. हा झोका जितका मोठा, तितकं शरीर निवांत. राग आला, भीती वाटली की झोका आखडतो आणि ठोके नुसते पळत सुटतात. मोठ्या माणसाला ते आवरता येतात.”

“सगळ्यांस्नी न्हाई,” मागून कुणीतरी म्हणालं आणि बायका हसल्या.

“बरोबर आहे, सगळ्यांना नाही,” मृण्मयीही हसली. “पण दहा वर्षांखालच्या मुलाच्या मेंदूत ते आवरणं अजून घडतच असतं. मग मूल काय करतं? जवळच्या मोठ्या माणसाच्या तालावर स्वतःचा ताल टेकवतं. तुमचा चेहरा बघून नाही हं. चेहरा काहीही सोंग आणू शकतो. तुमचा श्वास, आवाजाच्या तळाशी असलेला ताण, पापण्या किती वेळा लवतात, खांदे कसे आहेत, हे सगळं त्याचं शरीर त्याच्या नकळत वाचतं. दोन-तीन मिनिटांत त्याचे ठोके तुमच्यासारखे चालायला लागतात. तुम्ही निवांत तर ते निवांत, तुम्ही आतून पळताय तर तेही पळतं. कुणाजवळ कोणतं मूल शांत होतं आणि कुणाजवळ बिथरतं, हे या पट्ट्या मोजतात. त्याला आम्ही जुळणी म्हणतो.”

शालनमावशी शाळेत पोषण आहार शिजवतात. त्या डाळीचं भांडं उतरवून पदराला हात पुसत आल्या होत्या. “म्हंजी रडणारं पोर घ्यायला रडणारी बाई नको, एवढंच ना?”

“हो मावशी, एवढंच,” मृण्मयी म्हणाली. “आम्हाला ते शोधायला नऊ वर्षं लागली.”

पट्ट्या मुलांच्या हाताला लागल्या, मोठ्यांच्याही. वर्गात फळ्याशेजारी एक दिव्यांची माळ लागली. एकवीस मणी, प्रत्येक मुलाचा एक. ताल निवांत असला की मणी हिरवा, चढायला लागला की पिवळा, फार चढला की लाल. मण्यांवर नावं मुद्दाम घातली नव्हती. पण कुठला मणी कुणाचा हे मुलांनी पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीच्या आत शोधून काढलं. मोठ्यांचे मणी मात्र माळेत नव्हते. मोठ्यांना ते आवडत नाही असा संस्थेचा अनुभव होता.

मुलांना माळ आवडली. मणी पिवळा झाला की त्यांना ‘पाच डोंगर’ करायचे असत. हा बाईंचाच जुना धडा होता. डावा पंजा पसरायचा, उजव्या हाताचं बोट अंगठ्यापासून एकेका बोटावरून चढवत-उतरवत न्यायचं. चढताना श्वास आत, उतरताना बाहेर. पाच डोंगर झाले की राग निम्मा तरी उतरतोच. बाई टेबलाशी उभ्या राहून, एक हात कमरेवर ठेवून म्हणायच्या, “कार्तिकी, कर बघू पाच डोंगर.”

आणि कार्तिकी करायची. पण तिचा मणी काही उतरायचा नाही.

पहिल्या शनिवारी निकाल आला. मृण्मयीनं मुल्ला सरांच्या ऑफिसात, म्हणजे कपाट आणि दोन खुर्च्या मावतील एवढ्या खोलीत, तो टॅबच्या पडद्यावर दाखवला. अधिक दहापासून उणे दहापर्यंत आकडे होते. शालनमावशींचा आकडा बघून मुल्ला सर उडालेच. शाळेतल्या एकेचाळीसपैकी अडतीस मुलं मावशींच्या आसपास शांत होत होती. अधिक आठ!

“आमच्या सगळ्या ट्रेनिंगा पाण्यात,” सर म्हणाले. “मावशींना बोलवा, त्यांनाच हेडमास्तर करू.”

बाई हसल्या. मग त्यांना स्वतःची ओळ दिसली. बहुतेक मुलांशी त्यांची जुळणी शून्याच्या आसपास होती. म्हणजे बाई असल्या काय नि नसल्या काय. आणि शेवटी एक आकडा लाल चौकटीत होता. कार्तिकी: उणे सहा.

“हे चुकलं असेल,” बाई म्हणाल्या. “कार्तिकी तर माझ्या अगदी जवळ बसते.”

ते खरंच होतं. गेलं वर्षभर कार्तिकी पहिल्या रांगेत, बाईंच्या टेबलाला गुडघा लागेल इतकी जवळ बसायची. चंचल मूल पुढं घ्यायचं, नजरेसमोर ठेवायचं, अधूनमधून पाठीवर हात ठेवायचा, हे बाई पंचवीस वर्षं करत आल्या होत्या. त्यांच्या बाईंनी केलं होतं, त्यांच्याही बाईंनी केलं असणार. आणि लपवायचं कशाला, बाईंचा त्या पोरीवर जीव होता. कार्तिकीसारखी बातमी वर्गात कुणालाच लिहिता येत नव्हती.

“जवळ बसते म्हणूनच, बाई,” मृण्मयी हलक्या आवाजात म्हणाली. “मागं बसणाऱ्यांना तुमचा ताल फारसा लागत नाही. तिला दिवसभर लागतो.”

 मुल्ला सरांनी उगाच कपाटाची किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

नियम असा होता की एखाद्या मुलाची जुळणी सलग तीन शनिवार उणे पाचच्या खाली राहिली, तर त्याचा आधार, म्हणजे शाळेतलं त्याच्याजवळचं मोठं माणूस, बदलायचा. मोठ्या शाळेत वर्ग बदलला की काम भागतं. मळणवाडीत शिक्षकच दोन. सरांकडे पहिली-दुसरी, बाईंकडे तिसरी-चौथी. म्हणजे कार्तिकीला रोज गाडीत बसवून सहा किलोमीटरवरच्या फाट्यावरच्या शाळेत पाठवायचं. आईवडिलांची संमती लागणार होती आणि ते देणारच. पोरीला शाळेत बरं वाटत नाही असं यंत्रानं लिहून दिल्यावर कोण नाही म्हणेल?

सोमवारपासून बाईंनी कंबर कसली. आवाज खाली आणला. हालचाल संथ केली. सकाळी आरशासमोर उभं राहून खांदे सैल सोडायचा सराव केला. मुल्ला सर म्हणाले, “बाई, तुम्ही सिनेमातल्या नर्ससारख्या बोलायला लागलाय.” बुधवारी त्यांनी कार्तिकीला शेवटच्या बाकावर बसवलं. आपल्यापासून लांब राहिली तर तिला बरं वाटेल, एवढाच विचार. पण नऊ वर्षांच्या मुलीला हे कसं कळावं? ती दप्तर उचलून मागं गेली, आणि दहा मिनिटांनी खिडकीत ठेवलेला पृथ्वीगोल तिनं दोन्ही हातांनी उचलून फरशीवर आपटला. आफ्रिकेपाशी तो दुभंगला.

“बाई, मी काय केलं हुतं?” ती ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मणी लालभडक. “मी आज कायबी केलं नव्हतं! मग मागं का बसवलं?”

बाई गोलाचे दोन तुकडे उचलायला वाकल्या. दुसऱ्या शनिवारी आकडा उणे सात झाला.

त्या दिवशी मुलं गेल्यावर मृण्मयी रिकाम्या वर्गात बाईंच्या शेजारी येऊन बसली. तिनं पडद्यावर दोन रेषा काढल्या होत्या. एक बाईंच्या तालाची, एक कार्तिकीच्या.

“मी हे कुणाला दाखवलेलं नाही,” ती म्हणाली. “हे बघा. सव्वाअकराला तुमची रेघ एकदम चढते. अर्ध्या मिनिटानं तिची. परत बाराला तुमची. लगेच तिची. दर पाऊण तासानं. असं रोज होतं, घड्याळ लावल्यासारखं. त्या वेळी तुम्ही काय करता, हे मी विचारत नाही. पण ती तुम्हाला घाबरत नाही, बाई. ती तुमच्याबरोबर घाबरते.”

बाईंनी पर्समधला फोन चाचपला आणि हात परत घेतला.

त्या वेळी त्या काय करत, ते एवढंच. ड्रॉवर अर्धवट उघडायचा, आत ठेवलेल्या फोनकडे बघायचं. घरी बसवलेल्या कॅमेऱ्यातून फोनवर तालुक्याच्या गावातल्या त्यांच्या घराची पुढची खोली दिसायची, दार दिसायचं, आणि बहुतेक वेळा दाराशी उभी असलेली त्यांची आई दिसायची. एका हातानं कडी ओढून बघणारी. दाराला बाहेरून कुलूप असायचं. ते बाईंनीच घातलेलं असायचं.

आईला दोन वर्षांपूर्वी विसर पडायला लागला. आधी भांडी, मग दिवस, मग माणसं. सांभाळायला ठेवलेल्या दोन बायका आल्या आणि गेल्या. पुण्याचा भाऊ म्हणाला, “ताई, माझी जागा केवढीशी, तुला माहीतच आहे.” दिवाळीच्या सुमारास आई घरातून निघाली ती दुपारी बसस्टँडवर सापडली, अनवाणी, येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘तुमचं नाव काय’ विचारत. तेव्हापासून कुलूप. रोज सकाळी डबा, पाण्याची बाटली, टीव्हीवर भजनं लावून बाई कुलूप घालायच्या आणि स्कूटर सुरू करायच्या. आतून आई विचारायची, “कोण आहे गं बाहेर?”

यातलं मळणवाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं ते असं, की बाईंची आई मुलाकडे पुण्याला असते. जानेवारीत एका परिपाठाला कार्तिकीनंच विचारलं होतं, “बाई, तुमच्या घरची बातमी का नसती?” आणि बाई चटकन म्हणाल्या होत्या, “माझ्या घरी मी एकटीच, बाळा. आई पुण्याला असते. बातमी कुठली असणार?” बातमी खरी असावी, हा त्यांच्याच भिंतीवरचा पहिला नियम. त्यांनी तो त्याच भिंतीखाली उभं राहून मोडला होता.

लोक काय म्हणतील? मुलांना शांत राहायला शिकवणारी बाई आईला कोंडून येते, हेच म्हणतील. आणि ते खोटंही नव्हतं.

तिसरा शनिवार उजाडला. बाईंनी कुलूप घातलं, आत आई काहीतरी बोलली, ते त्यांनी ऐकलं नाही असं केलं. शाळेत पोचल्या तेव्हा मैदानात मुलं रांगेत बसली होती. माळ आज बाहेर व्हरांड्यात टांगली होती. मृण्मयी टॅब मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. फाटकाशी नेहमीची माणसं होती आणि त्यांच्यात कार्तिकीची आई दीपाली होती, हातात घडी घातलेला संमतीचा कागद घेऊन.

प्रार्थना झाली. बातम्या सुरू झाल्या. एका मुलाच्या घरी नवा मिक्सर आला होता. एकीच्या काकांनी मिशी काढली होती आणि त्यांचा कुत्रा त्यांच्यावरच भुंकला होता. सगळे हसले. मग कार्तिकी उठली. तिच्या हातात वही नव्हती.

“माझ्या घरची बातमी,” ती म्हणाली. “मला फाट्याच्या शाळंत घालणार हायत. घरी कागद आलाय. पट्टी म्हणती, मला बाईंजवळ बरं वाटत न्हाई. पण मला वाटतंय. मला बाईंजवळ बरं बी वाटतंय आणि पोटात धडधडतंय बी. दोन्ही व्हतंय. पट्टीला एकच कळतंय.” तिनं बाईंकडे बघितलं. “ही बातमी खरी हाय.”

तिचा मणी लाल झाला होता. ती आपणहून पंजा पसरून खाली बसली आणि डोंगर चढायला लागली. बाईंना ते बघवेना. त्या पोरीनं चारचौघांत उभं राहून खरं सांगितलं होतं, आणि आपण?

“मृण्मयी,” बाई म्हणाल्या, “माझा मणी लावता येईल का? माळेत?”

“बाई, नक्की?”

“लावा.”

मृण्मयीनं पडद्यावर बोट फिरवलं. माळेच्या टोकाला एक बाविसावा मणी पेटला. तो हिरवा नव्हता, पिवळाही नव्हता.

“बाई!” पहिल्या रांगेतली सगळी एकदम ओरडली. “तुमचा लाल हाय!”

“हो,” बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा नेहमीसारखा होता, साडीच्या निऱ्या जागच्या जागी होत्या. मुलं एकदा त्यांच्याकडे बघत होती आणि एकदा मण्याकडे. “तो रोजच लाल असतो. तुम्हाला दिसत नव्हता एवढंच. कार्तिकी, तुझी धडधड तुझी नाहीये. माझी आहे ती. आता माझ्या घरची बातमी सांगते. अकरा वर्षांत पहिलीच.”

फाटकाशी उभी माणसं दोन पावलं आत आली.

“माझी आई पुण्याला नाही. मी खोटं सांगितलं होतं. ती माझ्याकडेच आहे. तिला विसरण्याचा आजार आहे, ती माझं नावही विसरलीय. तिला बघायला कुणी नाही, म्हणून मी रोज तिला घरात...” इथं बाईंचा आवाज फाटला. “मी तिला घरात कोंडून, बाहेरून कुलूप घालून शाळेत येते. आत्ताही ती कुलपात आहे. ती दार ओढत असते, मी फोनवर बघते. आणि मग मी तुम्हाला म्हणते, शांत बसा.”

आणि बाई रडल्या. तोंडाला पदर वगैरे लावून नाही, चांगल्या हुंदके देऊन.

व्हरांड्यातली माळ एकेक करत पेटत गेली. कार्तिकी, तिच्या शेजारची, तिच्या मागचा, अर्ध्या मिनिटात बाविसच्या बावीस मणी लाल. चार-पाच मुलं रडायला लागली. मृण्मयीनं पडद्याकडे बघून ओठ दाताखाली धरला. असा आकडा तिनं कुठल्याच शाळेत पाहिला नव्हता.

बाईंना ते लाल मणी दिसले. आपण काय करून बसलो हे त्यांना कळलं, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा टेबलाशी उभं राहून न सांगता स्वतः डोंगर करायला घेतले. त्या मुलांसमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या. डावा पंजा पसरला. “मला पण जमत नाहीये,” त्या म्हणाल्या. “माझ्याबरोबर करा.”

पहिला डोंगर चढताना त्यांचा श्वास तीनदा अडखळला. दुसऱ्याला दोनदा. एकवीस मुलं त्यांच्या बोटाकडे बघत आपापली बोटं फिरवत होती. तिसऱ्या डोंगराच्या उतारावर कार्तिकी सरकत सरकत पुढं आली आणि बाईंच्या गुडघ्याला टेकून बसली, वर्गात बसायची तशी. पाचव्या डोंगराशी माळेत पहिला मणी पिवळा झाला. तो कार्तिकीचा होता. मग भराभर बाकीचे उतरले, पिवळे झाले, हिरवे झाले. बाईंचा सगळ्यांत शेवटी पिवळा झाला आणि तिथंच राहिला.

शालनमावशी सगळा वेळ स्वयंपाकाच्या शेडच्या दारात उलथनं घेऊन उभ्या होत्या. त्या आता तरातरा आल्या. “अवो बाई, येवढंच हुतं तर हिकडं आणायची की त्यास्नी! माझ्याजवळ बसत्याल, शेंगा सोलत्याल. न्हाई सोलल्या तर खात्याल. कोंडून कशापायी घालायचं माणसाला?” त्यांचा आवाज रागाचा होता आणि डोळे भरलेले. “अकरा वर्सं आमच्या म्हशी-रेडकांची बातमी लिवता, आन् सोताच्या आईची सांगाय तोंड न्हवतं?”

“मावशी, मला लाज वाटत होती.”

“वाटणारच,” मावशी म्हणाल्या. “पर किती दिस?”

दीपालीनं कागदाची घडी आणखी बारीक केली आणि ब्लाउजमध्ये खोचली. 

परिपाठ मोडल्यावर ऑफिसात निकाल बघायला तिघं बसले. मृण्मयी खोटं बोलणारी मुलगी नव्हती. “उणे नऊ,” ती म्हणाली. “नियमानं सांगायचं तर आधार बदलावा लागेल.”

मुल्ला सरांनी टेबलावर हात आपटला. “अहो, डोळ्यांनी बघितलं की आपण!”

“सर, मीही बघितलं. ऐका तर. आम्ही मोजतो ते मूल किती चढलं. आज सगळी चढली, कारण बाई चढल्या. पण उतरायला किती वेळ लागला ते आम्ही मोजतच नाही. हे बघा.” तिनं कार्तिकीची रेघ मोठी केली. एक उभा कडा, आणि त्याच्या पलीकडे लांब, गुळगुळीत उतार. “गेल्या तीन आठवड्यांत या मुलीला लालवरून खाली यायला सरासरी एकोणतीस मिनिटं लागलीत. मावशींच्या जवळसुद्धा अकरा. आज चार. मावशींच्या सावलीत मुलं चढतच नाहीत, ते छानच आहे. पण उतरायचं कसं, हे चढलेलं माणूस उतरताना बघूनच शिकता येत असेल, तर आम्ही नऊ वर्षं अर्धंच मोजत होतो.”

“मग संस्था ऐकेल?” बाईंनी विचारलं.

“माहीत नाही. मी लिहीन. ऐकायला त्यांना वेळ लागतो.”

“तोवर हा कागद माझ्याकडे राहू दे,” मुल्ला सर म्हणाले. त्यांनी निकालाची प्रत घेतली, कोपऱ्यात ‘कार्यवाही सुरू आहे’ असं लिहिलं आणि कपाटात सगळ्यांत खालच्या कप्प्यात ठेवून दिली. त्या कप्प्यात गेलेला कागद गेल्या सहा वर्षांत कुणाला सापडलेला नव्हता.

सोमवारी सकाळी बाईंनी आईला चापूनचोपून लुगडं नेसवलं, केस विंचरले, तिच्या पायांत चपला घातल्या आणि तिला हाताला धरून बाहेर आणलं. सवयीनं दार ओढलं, सवयीनं कुलूप घातलं. आई शेजारी उभी राहून त्या कुलपाकडे बराच वेळ बघत होती.

“आत कोण आहे गं?” तिनं विचारलं.

“कुणी नाही, आई,” बाई म्हणाल्या. “आता कुणी नाही.”



संस्थेचं उत्तर यायचं होतं, कदाचित ते वाईटही येणार होतं. फाट्याच्या शाळेची गाडी रोज आठ वाजता मळणवाडीवरून रिकामी पुढे जात होती. बाईंचा मणी माळेत कायमचा राहिला. तो कधी हिरवा असायचा, बरेचदा पिवळा, आणि लाल झाला की कुणीतरी मागच्या बाकावरून बजावायचं, “बाई, डोंगर!” आणि बाईंना खडू ठेवून पंजा पसरावा लागायचा. शेडच्या दारात शालनमावशींच्या शेजारी आई शेंगा सोलायची, निम्म्या खायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मुलाला थांबवून नाव विचारायची.

आई शाळेत यायला लागल्यानंतरच्या पहिल्या शनिवारचं बातमीपत्र एक वाजायला पाच मिनिटं असताना ग्रुपवर पडलं. कार्तिकीची बातमी शेवटची होती. ही बातमीही घरची नव्हती, पण बाईंनी ती चालवून घेतली:

‘बाईंच्या आई शाळेत येतात. काल मधल्या सुट्टीत त्यांनी मला नऊ वेळा नाव विचारलं. मी नऊ वेळा सांगितलं. नवव्या वेळेला मला खूप राग आला. शेंगांची पाटी उचलून फेकावी असं वाटलं. मग मी पाच डोंगर केले. आजींनी पण माझं बघून हात पसरला, पण त्यांचे तीनच झाले. मग त्यांनी परत विचारलं, तुझं नाव काय गं. मी सांगितलं, कार्तिकी.’